जागा धरायला दिलेली नात

माझी लेक अकोल्याला असते, मी अमरावतीला. मध्ये शंभरेक किलोमीटर रस्ता आणि साडेतीन वर्षांची नात. ही नात दोन्ही गावांची आहे असं मी मानते. लेक मानते की ती अकोल्याची आहे, आणि अमरावतीला शनिवार-रविवारी मिळेल, तेही सगळ्यांनी नीट वागल्यास. सगळ्यांनी म्हणजे मी.

गेल्या हिवाळ्यापर्यंत तिला आणण्या-नेण्याचं काम जावई करायचा. मग त्याची बदली झाली, आणि लेक कॉलेजात शिकवते, तिला शनिवारीही तास. मी म्हटलं, मी आणते, मीच पोचवते. तेहतीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची पोरं सांभाळली, सहली नेल्या, मोजून नेली तितकी मोजून परत आणली. घरची एक पोट्टी मला जड आहे का? लेक महिनाभर नुसती "बघू" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "एकदा करून पाहू. शुक्रवारी मी सुटी काढून सोडते, रविवारी तू एकटीनं घेऊन ये. नीट आलात तर दर पंधरा दिवसांनी येत जाईल. नाही तर नाही."

तिचं 'नाही' माझ्यावर गेलेलं आहे. एकदा म्हटलं की संपलं.

शुक्रवारी ती नातीसोबत लेकरांची कार-सीट घेऊन आली. केवढी ती खुर्ची! दिवाणखान्यात ठेवली तर शेजारीण म्हणाली, "काय व, सिंहासन आणलं का पोट्टीले?" मागून मोबाइलवर नियम आले. लेकरू पुढच्या सीटवर बसवायचं नाही. मांडीवर घ्यायचं नाही. खुर्चीला गाडीचा पट्टा लावल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. गाडीच्या नंबरचा फोटो पाठवायचा. उतरताना रस्त्याच्या बाजूचं दार उघडायचं नाही. मी वाचत गेले तसा माझा पारा चढत गेला. हिला रस्ता ओलांडायला कोणी शिकवलं? आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे, हे घोकून कोणी घेतलं? पण मला नात हवी होती. मी ते नियम पाठ केले, आणि उत्तर पाठवलं, "बरं."

शनिवार कसा गेला ते सांगत बसत नाही. तिनं माझ्या पोळपाटावर अकरा पोळ्या लाटल्या आणि त्या सगळ्या मला खाव्या लागल्या.

रविवारी सकाळी नऊला सांगितलेली गाडी दारात आली. ड्रायव्हर साठीला टेकलेला, शांत, बोलायला गोड. मी सिंहासन उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा शोधायला लागले. सीटच्या फटीत हात घातला. शेंगदाण्याची टरफलं निघाली, एक पेन निघालं, पट्टा काही निघेना.

"पट्टा कुठी हाय हो दादा?"

"हाय ना काकू. पण कव्हराखाली दबला. दिवाळीले नवीन कव्हर टाकलं ना."

"मग काढा."

"ते शिवून घेतलं हाय टाइट. आता कसा काढू?" आणि मग अगदी मायेनं म्हणाला, "तुमी पोरीले मांडीवर घेऊन बसा. मी हळू नेतो. आजवर मले कोनी मागचा पट्टा मांगितला नाही."

"आज मी मांगून राहिली ना! आन् तुमी हळू न्याल, समोरचा ट्रकवाला हळू येईन का? तुमच्या गाडीले ब्रेक हाय. माह्या मांडीले नाही."

तो बिचारा हसला. रागावला नाही. "काकू, बराबर बोलून राहिले तुमी," म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. मी दारात उभी राहून स्वतःवर इतकी खूश झाले, की आणखी कोणी बघायला हवं होतं असं वाटलं. मग दोन ठिकाणी फोन केले. एकाची गाडी दुपारी तीनला मोकळी होणार होती. दुसऱ्यानं "पट्टा? मागं?" असं विचारलं, तेव्हाच मी फोन ठेवला.

नात बूट घालून तयार. लेक जेवायला वाट बघणार. मी विचार केला, बसनं जाऊ. बस मोठी, जड. तिच्यात पट्टा लागत नाही, असं माझं मीच ठरवून टाकलं. लेकीच्या नियमांत बसबद्दल एक अक्षर नव्हतं. तिच्या मनात बस आलीच नसणार. सिंहासन शेजारणीकडे ठेवलं आणि आम्ही निघालो.

स्टँडपर्यंत ऑटोत मी काय काळजी घेतली म्हणता! नातीला आतल्या कोपऱ्यात बसवलं, मध्ये मी, उघड्या बाजूला बॅग. तिचे पाय बाहेर जाऊ दिले नाहीत, डोकं बाहेर काढू दिलं नाही. उतरताना आधी मी, मग ती, तेही डावीकडून. तिचं मनगट असं धरलं होतं की ती म्हणाली, "आजी, दुखते."

स्टँडवर लग्नसराईची गर्दी. अकोल्याची एक बस भरून गेलेली. दुसरी आत येताना दिसली आणि सगळं स्टँड तिच्या बाजूनं पळायला लागलं.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे बसमधली जागा बसून मिळत नाही, ती आधी धरावी लागते. बस थांबायच्या आत खिडकीतून काहीतरी आत टाकायचं. रुमाल, टोपी, पिशवी. मी मेथीची जुडी टाकून जागा धरलेली आहे, आणि ती जागा कोणी घेतली नाही. लोक जुडीला मान देतात. पण सगळ्यांत पक्कं म्हणजे लेकरू. रुमाल एखादा आडदांड उचलून बाजूला ठेवतो. लेकराला कोणी उचलत नाही.

मी विचार केला नाही. खरं तेच सांगते. विचार करून केलं असतं तर निदान स्वतःशी भांडता आलं असतं. बस थांबल्यासारखी झाली, माझ्यासमोर एक खिडकी उघडी होती, आत हिरवा चुडा भरलेली एक बाई नुकतीच बसली होती. माझे हात आपोआप वर गेले. "घ्या व माय लेकराले," मी म्हटलं. तिनंही सवयीनं हात पुढे केले. नात वरून आत गेली. बूट तेवढे क्षणभर खिडकीत दिसले.

"शेजारची जागा धर बरं, आजी आलीच!" मी ओरडले आणि दाराकडे वळले.

दाराशी माणसं एकमेकांच्या खांद्यावर. मी एक पाय पायरीवर ठेवला, कोणाच्या तरी कोपरानं खाली आले. तेवढ्यात बस हलली. ती चुकीच्या फलाटाला लागली होती. दुसऱ्या गाडीला जागा करून द्यायला ड्रायव्हरनं ती पुढे काढली, एवढंच. पण हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की बस निघाली, दाराला लटकलेले दोघंतिघं तिच्यासोबत गेले, आणि ती उभ्या गाड्यांच्या रांगेमागे वळून दिसेनाशी झाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी पळाले. बासष्ट वर्षांची बाई, एका हातात बॅग, गुडघा दोन वर्षांपासून बोलणारा. चप्पल कुठे गेली कळलं नाही. रांगेमागे पोचले तर तिथे सारख्याच तीन बसगाड्या. मी पहिलीत चढले. "माही पोट्टी, हिरव्या चुड्याची बाई," मी म्हणत होते, आणि लोक माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसे बघत होते. ती बस यवतमाळची होती. खाली उतरले तेव्हा तिन्हींतली एक निघून चालली होती, आणि माझ्या मनात आलं, हीच. हीच ती. मी तिच्या मागच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी मारत सुटले. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, हिच्या आजोबांना दवाखान्यात नेलं त्या दिवशीही नाही.

"काकू! ओ काकू! अकोला इकडे!"

तिसऱ्या बसच्या दारात कंडक्टर उभा होता. माझ्याकडे बघून त्याला काय ते कळलं. वर ओढून घेताना म्हणाला, "लेकरू हाय का रुमाल व, काकू?"

एरवी कोणी माझ्याशी असं बोललं असतं तर मी त्याची शाळा घेतली असती.

नात जागेवर होती. दोन्ही हात शेजारच्या सीटवर पसरून बसली होती. समोर एक मिशीवाला गडी उभा, आणि ही त्याला दटावत होती, "आजी येऊन राहिली. आजी येऊन राहिली." चुड्याची बाई एका हातानं तिला धरून होती, दुसऱ्या हातानं माझ्यासाठी पाण्याची बाटली उघडत होती. "बसा व माय आधी. मी सोडलंच नाही तिले. तुमी नसत्या आल्या तं मी गाडीच जाऊ देली नसती." मी बसले आणि नातीला छातीशी धरून सगळ्या बसदेखत रडले.

"आजी, तू काहून रडते? मी जागा धरली ना," ती म्हणाली.

बडनेऱ्यापर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. मूर्तिजापूरला लेकीचा फोन आला. मी म्हटलं, बसनं येऊन राहिलो, गाडीत पट्टा नव्हता, म्हणून गाडी परत पाठवली. "आई, शाब्बास!" लेक म्हणाली. मनापासून म्हणाली. ते शाब्बास मला असं टोचलं की फोन ठेवून मी खिडकीबाहेर बघत बसले. नात माझ्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, एक बूट निघालेला. मी ठरवलं, सांगायचं नाही. पोर लहान आहे, विसरेल. मी सांगितलं तर हिला पुन्हा कोण माझ्या हाती देणार? बोरगाव येईपर्यंत माझं अगदी पक्कं झालं होतं.

अकोल्याच्या स्टँडवर लेक उभी होती. नात तिच्या अंगावर उडी मारत पहिलं वाक्य बोलली, "मी एकटीनं आजीची जागा धरली!"

लेकीनं तिला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. एका पायात चप्पल नव्हती.

तरीही थाप मारता आली असती. चपला गर्दीत तुटतात. पण मी सगळं सांगितलं, खिडकीपासून पत्र्यावर मारण्यापर्यंत. काही गाळलं नाही. लेक ऐकत राहिली. नातीला तिनं रसवंतीच्या बाकावर बसवलं, हातात रसाचा ग्लास दिला. ती कधी ओरडते याची मी वाट बघत होते. ती ओरडली नाही.

"मलाही द्यायचीस असंच खिडकीतून," ती म्हणाली.

"हो, तुलाही," मी म्हटलं. "पण तू किती शहाणी! हूं की चूं करत नव्हतीस." ही गोष्ट मी शाळेत, लग्नाकार्यात किती जणांना कौतुकानं सांगितली असेल.

"मी भीतीनं बोलत नव्हते, आई." रागावली किंवा माया आली की ती वऱ्हाडीत येते, पण आता अगदी हळू, पुस्तकातलं बोलत होती. "मी खिडकीकडे बघायची नाही. दाराकडे बघायची. माणसं चढत राहायची आणि त्यांत तू नसायचीस. मला वाटायचं, मी तोंड उघडलं तर रडू येईल, आणि रडले तर जागा जाईल, आणि जागा गेली तर तू रागावशील."

पस्तीस वर्षांची माझी लेक, आणि हे मला आज कळत होतं. मी म्हटलं, "चुकलं गं माझं." तिला लहानपणी मी हे कधी म्हटल्याचं आठवत नाही.

मग विचारलं, "आता पाठवणार नाहीस ना?"

"पाठवीन. शनिवारी तास संपले की मी आणून सोडत जाईन, रविवारी मीच न्यायला येईन. घरी ती तुझी. रस्त्यावर नाही."

म्हणजे ते दोन तास गेले. मांडीवर झोपलेली, बूट निघालेली नात गेली. मला वाईट वाटलं, आणि वाटलं ते मी बोलून दाखवलं. "एवढा राग आला का तुले माहा?"

"राग नाही व," लेक म्हणाली. तिनं माझी बॅग माझ्या हातातून घेतली. "तू यायचीच. दर वेळी पळत यायची आन् गाडी गाठायची. म्हणून तं मी तुह्याजवळ लेकरू ठेवते. पन आता तुह्यानं पळनं होत नाही, आई."

मी हो म्हटलं. खरंच होत नाही.