कपॅसिटी, पण कशाची?

"वकीलसाहेब, काकूला कपॅसिटीच न्हाय. डॉक्टरनंच लिहून दिलंय की."

उमरग्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात शिवलिंगने दाखल्यावर बोट ठेवले आणि समोरच्या अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवला.

काकू म्हणजे माझ्या पक्षकार नीलव्वा. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. राहते घर बक्षीसपत्राने विधवा लेकीच्या नावे करावे, एवढीच त्यांची इच्छा. पुतण्या शिवलिंगची त्याच घरावर नजर. कार्यालय पहिल्या मजल्यावर आणि अव्वांचे गुडघे कामातून गेलेले. अशा वेळी अधिकारी घरी येऊन दस्त नोंदवू शकतात. त्यासाठी आम्ही डॉक्टरांचा दाखला जोडला होता. तरुण डॉक्टरांनी रोजच्या बोलण्यातला शब्द इंग्रजीत उतरवला : 'शी हॅज नो कपॅसिटी.' त्यांना जिना चढण्याची ताकद अभिप्रेत होती.

आपल्याकडे जेवणाची कपॅसिटी असते, टेम्पोचीही असते. कायद्यातली लीगल कपॅसिटी निराळी. माणूस सज्ञान आहे, मन ठिकाणावर आहे, म्हणून कायदा त्याला व्यवहार करण्यास पात्र मानतो, ती ही. कॉम्पिटन्सी तिच्या शेजारचीच : समोरचा व्यवहार त्याला या घडीला उमजतो आहे का? कोर्टात हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. जिना मात्र दोन्हींत कुठेच येत नाही.

"मॅडम, हे गुडघ्यांविषयी आहे," मी म्हणालो.

"कागदावर गुडघा कुठं आहे?"

त्यांचे म्हणणे रास्त होते. दाखला मीही वाचला होता. पण इंग्रजी अक्षरे मी मराठीतच वाचली, हे त्या क्षणी ध्यानात आले.

डॉक्टरांनी दाखला नव्याने लिहिला आणि दुपारी आमच्यासोबत अव्वांच्या घरीही आले. अधिकारी बाईंनी समोर बसून विचारले, "अव्वा, कशावर सही करताय?"

"घर लेकीला देतेय. मी जिती हाय तोवर इथंच ऱ्हाणार. ते बी लिवलंय."

"पुन्हा परत मागता येणार नाही."

"घर म्हंजे काय उसनी साखर हाय व्हय, परत मागायला?"

"आणि पुतण्याचं काय?"

अव्वांनी दारात उभ्या शिवलिंगकडे पाहिले. "त्येच्या बापाचं घर शेजारीच हाय. दोन खोल्या कुलपात हायत. किल्ली त्येच्याच खिशात हाय, इचारा."

शिवलिंग चपला शोधू लागला. अव्वांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

डॉक्टर ओशाळून म्हणाले, "अव्वा, माझ्या एका शब्दानं तुम्हाला लई त्रास झाला."

"तू बाबा गुडघ्याची गोळी दे. शब्दाचं वकील बघतील."

दस्त नोंदला गेला. माझ्याकडे सोपवलेले कामही मी तेव्हापासून करतो. दाखल्यात 'कपॅसिटी' दिसली, की पुढे सरकण्याआधी हळूच विचारतो : कशाची?