डिकीतलं पाणी

शोभातायच्या बाराव्याला लाटंबार्से गावच्या घराच्या अंगणात एकजण म्हणाला, "भाऊ असावा तर असा. दर सोमवारी गाडीतून इस्पितळात न्यायचा." मी मान खाली घालून पानांवर भात वाढत राहिलो. त्याला आता महिना झाला... ते वाक्य अजून आठवतं. स्वतःचीच किळस येते.

ताय माझी थोरली बहीण. अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, करून डिचोलीच्या बाजारात विकायची. केळीच्या सोपाचा, वाळल्या सालीचा धागा हातात घेतला की बघायची नाही, गप्पा मारत राहायची. गाठ बोटंच मारायची. केमो सुरू होताना तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं, बोटांचं काय? या औषधाने नसांना इजा होते, बोटं बधिर होतात, ते म्हणाले. औषध चढताना हातपाय बर्फाने गार ठेवले तर कदाचित कमी होईल, खात्री नाही. बर्फ घरून आणायचा होता.

घरात बर्फ टिकेल असा डबा एकच, मासळीचा. पहिल्या सोमवारी वॉर्डात झाकण उघडलं आणि पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "सोमवारचे बांगडे कोणी हाडले गो?" सगळे हसले. तायही हसली. "बांगडे न्हय बाये, माझी बोटां वाचवपाक बर्फ हाडला." मी मात्र शाळेतला हेडक्लार्क... लाजेने मेलो.

पुढच्या सोमवारपासून तिला दारात सोडून मी गाडी लावायला जायचो आणि डबा डिकीतच ठेवायचो. नर्सला सांगितलं, तिला थंडी सोसत नाही. तायला सांगितलं, नर्स बर्फ नको म्हणते. तरी ताय दर सोमवारी सकाळी बर्फाच्या पिशव्या भरायची. "आज नर्स होय म्हणाली तर?" एकदा परतताना ती गाडीमागे थबकली.

"बाबू, डिकीतल्यान पाणी गळता रे."

"एसीचं गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या सोमवारी पिशव्या भरल्या नाहीत.

हळूहळू गाठी सैल पडू लागल्या, फाती गिऱ्हाइकाच्या हातातच सुटायच्या. "माझ्या बोटांक आता फूल कळना रे," म्हणाली आणि बाजार बंद केला. ती आजाराने गेली, ते माझ्या हातात नव्हतं. बोटं कदाचित होती.

डबा अजून वापरात आहे. परवा त्यातून बांगडे आणले. गाडी अंगणात लावली, डिकीखाली पाणी ठिबकत राहिलं. कसलं पाणी म्हणून कोणी विचारलं नाही.