घराखालची पश्चिमेकडची वाट

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. मी कामोठ्याच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. आमच्या शिपाईमामांचं जुन्या पनवेलमधलं घर पाडून तिथे इमारत होणार होती. एक दिवस शाळा सुटल्यावर मामा स्टाफरूममध्ये आले.

"बाई, पाया खोदताना भुयार लागलंय. बघायचं तर आजच चला. उद्या बुजवणार हायत."

गावाखालून कर्नाळा किल्ल्यापर्यंत भुयार आहे, ही गोष्ट पनवेलमध्ये सगळ्यांनीच ऐकलेली. माझा विश्वास नव्हता. तरी भूगोलाच्या बाईंचं होकायंत्र मागून घेतलं आणि मामांबरोबर रिक्षात बसले.

खड्ड्यात एक दगडी कमान उघडी पडली होती. आत सात-आठ पायऱ्या. मामा बॅटरी घेऊन पुढे झाले, मी ओढणी कमरेला बांधून मागे. वाकून चालावं लागत होतं. वीसेक पावलांवर वाट एकदम संपली. समोर विटांची भिंत होती, आणि विटा सिमेंटनं जोडलेल्या.

मी होकायंत्र पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मामा, कर्नाळा दक्षिणेला. ही वाट पश्चिमेला चाललीय, खाडीकडे."

"खाडीवर जायला भुयार कशाला?" मामा म्हणाले. "आमी वरनंच चालत जायचो."

पाण्याची मोरी म्हणावी, तर पायऱ्या कशासाठी? माल लपवायची जागा म्हणावी, तर दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नव्हती.

मामांची आई जवळच भाड्याच्या खोलीत राहत होती. ती भाजी निवडत होती. मामांनी भिंतीचं विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "तू व्हायच्या आदी तुज्या बापानंच घातली ती, वरचं तोंडबी त्यानंच बुजवलं. आतून पाण्याचा आवाज येतो म्हणायचा."

"तुला येत होता?"

"मला कदी नाय आला."

मामा पन्नास वर्षं त्या घरात राहिले होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही परत खाली उतरलो आणि दोघांनी आळीपाळीनं विटांना कान लावला. मला काहीतरी ऐकू आलं. ते पाणी होतं की माझ्याच कानातली घरघर, हे आजही सांगता येत नाही.

"येतोय?" मामांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही. तुम्हाला?"

त्यांनी पुन्हा एकदा विटांना कान लावला. मग पायऱ्या चढून गेले.

बुजवणं थांबावं म्हणून मी सरकारी कचेरीत दोन फोन केले. लेखी अर्ज द्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे काँक्रीट पडलं होतं. मामांनी मजुरांना थोडं थांबा म्हणून सांगितलं होतं. कशासाठी थांबायचं, असं मजुरांनी विचारलं, तेव्हा मामांना काही सांगता आलं नाही.