शेवटचे चार बाइट

आमच्या ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. कर्नलच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या गाभ्याच्या, नेटवर्क विभागात ती बावीस वर्षं होती. कुणी कोड दाखवायला गेलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "समोरच्यानं काय दिलंय, ते तपासलंस का?" नमस्कार-चमत्कार नंतर. मला तिचा राग यायचा, हे आधीच सांगतो.

नेटवर्कवरची जोडणी कशी चालवायची याची सूचना प्रोग्रॅम कर्नलला देतो. अशा सूचनेला सॉकेट ऑप्शन म्हणतात. अशी एक सूचना आत घेणारं छोटं फंक्शन तिनं पंधरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं. सूचना सोळा बाइटची. बारा वापरात, शेवटचे चार पुढेमागे लागतील म्हणून राखीव. मी आठ महिने खपून त्या चारांना काम दिलं: तिथे आकडा आला, की तितक्या सेकंदांनी जोडणी बंद. मी कोड दाखवला त्याच आठवड्यात विभागप्रमुख ठरायचा होता. तिचं नाव जवळपास नक्की होतं.

तिनं माझा कोड तीनदा वाचला. मग म्हणाली, "थांब, एका जुन्या प्रोग्रॅमवर चालवून बघू."

तिची नणंद पाण्याच्या पंपघरात ऑपरेटर. तिथला प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. त्याची एक प्रत हिनं चाचणीसाठी मागून ठेवली होती. ती चालवली. दोन मिनिटं सगळं सुरळीत, मग जोडणी तुटली. परत जोडली, परत तुटली.

"दोष तुमच्या त्या भंगार प्रोग्रॅमचा," मी म्हणालो. "राखीव जागेत कचरा भरून पाठवतोय, आणि माझा कोड त्यालाच सेकंदांचा आकडा समजतोय."

"पाठवतोय खरा. पण पंधरा वर्षं तो घेतला कुणी?"

राखीव जागा शून्य नसेल तर सूचना परत करायची, ही आमच्या धंद्यातली बाराखडी. तिच्या फंक्शनमध्ये ती एक ओळच नव्हती. फॉर्मच्या रिकाम्या रकान्यात लोक रेघोट्या ओढत राहिले आणि खिडकीवरची बाई न बघता शिक्के मारत राहिली, तसं. आता ती ओळ घालणंही शक्य नव्हतं. घातली की पंपघरासारखे जुने प्रोग्रॅम दाराबाहेर.

वरचे साहेब तिला म्हणाले, "नव्या कोडात दोष आहे असं लिहा आणि परत पाठवा. या आठवड्यात कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?" मी तिथेच उभा होतो. खापर माझ्या डोक्यावर फुटणार याची मला खात्री होती.

तिनं सगळ्यांना मेल लिहिला: चूक माझी. जुनं फंक्शन आहे तसंच राहील. नव्या कामाला वेगळ्या क्रमांकाचं ऑप्शन, पहिल्या दिवसापासून कडक तपासणीसह. माझा कोड त्यात जवळजवळ जसाच्या तसा बसला.

"मला का नाही अडकवलंत?" मी नंतर विचारलं.

"मग माझी चूक तिथेच राहिली असती, आणि पुढच्यानं तिच्यावर माडी चढवली असती."

प्रमुख दुसराच झाला. ती पुढे तशीच निवृत्त झाली, आणि आज त्या खुर्चीत मी आहे. नवे लोक विचारतात, हे ढिलं फंक्शन काढून का टाकत नाही? मी त्यावरची तिची टिप्पणी दाखवतो: "इथे तपासायचं माझ्याकडून राहिलं. आता तपासू नका, कुणाचं तरी पाणी बंद पडेल." त्याखाली एक ओळ माझी आहे: "हे कबूल केलं म्हणून ती विभागप्रमुख झाली नाही."

कोडात असलं काही लिहायचं नसतं. ती असती, तर तिनं आधी तेच खोडलं असतं.