खुर्ची डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या नणंदबाई

बसल्या जागेवरून माणसाला अख्खा जिल्हा हिंडवून आणील अशी बाई मराठवाड्यात एकच आहे, आणि त्या माझ्या थोरल्या नणंदबाई आहेत. हे मी घरातलं माणूस म्हणून सांगत नाही. बदनापूरच्या बसथांब्यावर कुणालाही विचारा, ‘ती लाल खुर्चीवाली आजी’ म्हटलं की तो हसेल आणि त्यांची एक तरी गोष्ट तुम्हाला सांगेल.

माझं माहेर पार चंद्रपूरच्या पलीकडे. आठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं, आणि जालन्याला ड्रायव्हर असलेल्या मामांनी स्थळ आणलं म्हणून मी इतक्या लांब बदनापूरला आले. दर उन्हाळ्यात मी आरोही आणि शिवा या माझ्या दोन पोरांना घेऊन माहेरी जायची. त्या वर्षी मला सहावा महिना लागला होता. मागच्या खेपेला चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी माहेर तर सोडाच, मी पाण्याचा हंडासुद्धा लांबून बघायची. नवरा सकाळच्या गाडीनं जालन्याच्या सळईच्या कारखान्यात जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. पत्र्याच्या दोन खोल्या, मे महिना, आणि त्यात दोन पोरं कोंडलेली. आरोहीनं पहिल्या आठवड्यात रोज विचारलं, “मम्मी, मामाकडं कधी?” दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारणं बंद केलं, आणि तेच मला जास्त लागलं.

तेवढ्यात टेंभुर्णीहून अक्का, म्हणजे याच नणंदबाई, आल्या. एका हातात धपाट्यांचा डबा, दुसऱ्या हातात कांद्यांची पिशवी, आणि आल्या आल्या पोरांकडे बघून म्हणाल्या, “काय गं, पोरं अशी वाळत घातल्यावानी कामून बसलीत?” मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा बशीत ओतून प्यायला आणि मला धरून थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं. “ह्या पोरीनं फिरलं तर चालंल का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फिरायला हरकत नाही, पण दगदग नको, फार वेळ उभं राहायचं नाही.” बास! दवाखान्यातून निघालो ते सरळ भांड्यांच्या दुकानात. तिथं अक्कांनी लाल प्लास्टिकची हातवाली खुर्ची घेतली, तिच्यावर स्वतःची मूठ आपटून पाहिली, दुकानदाराला तिच्यावर बसवून पाहिलं, आणि ती डोक्यावर उलटी ठेवून रस्त्यानं चालायला लागल्या. “डॉक्टरीन काय म्हनली? उभं ऱ्हायचं न्हाई. जायचं न्हाई असं कुठं म्हनली?”

त्या दिवसापासून आमच्या सहली सुरू झाल्या. कुठल्याही ठिकाणी आम्हाला न्यायच्या आधी अक्का एकट्या जाऊन पाहणी करून यायच्या. सावली कुठं पडते, पाणी कुठं मिळतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायकांच्या मोरीची कडी लागते का. कडी नसेल तर त्यांच्या पिशवीत सुतळी असायचीच. माझ्या पोटात बाळ होतं, पण मला कधी जावं लागेल हे माझ्याआधी त्यांना कळायचं. खुर्ची एसटीत चढवली की कंडक्टरशी वाद ठरलेला.

“आजी, खुर्चीचं लगेज लागंल.”

“अर्धं तिकीट फाड. बारा वर्साच्या आतली हाय ती.”

“आजी, मस्करी नका करू.”

“मंग तूच बस तिच्यावर. दिवसभर उभा राहून राह्यला, पाय दुखले असतील तुझे.”

त्यावर गाडी इतकी हसली की तो बिचारा घंटी मारून पुढं गेला. पुढं पुढं तोच खिडकीतून खुर्ची आत ओढून घ्यायला लागला.

आमच्या सहली म्हणजे काय मोठ्या नव्हत्या. एकदा बदनापूरच्या स्टेशनात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघितल्या, एकदा अक्कांच्या भाच्याच्या शेतात विहिरीवरची मोटार बघितली. पण अक्का दोनच पोरं कधी नेत नसत. “गाडी भरून गेली पाह्यजे,” म्हणत शेजारची तिघं घ्यायच्या. पोरं हरवू नयेत म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याला पाच गाठी मारल्या होत्या. एकेका पोरानं एकेक गाठ धरायची, पुढचं टोक अक्कांच्या हातात. मागं वळून बघायचीही त्यांना गरज वाटत नसे. लुगडं ओढून, त्याच्या ताणावरून त्या सांगायच्या, “पाची गाठी भरल्यात. बराबर हाय.” मी खुर्चीवर बसून हे बघायची आणि मला वाटायचं, राणीचा थाट तरी याहून वेगळा काय असणार! मात्र त्या खुर्चीवर अक्का स्वतः कधी टेकल्या नाहीत. बसा म्हटलं तर म्हणायच्या, “मला काय दिवस गेलेत का?”

आणि याच गाठींनी आम्हाला एकदा दगा दिला. जालन्याच्या बागेत गेलो होतो. मी फाटकाजवळ झाडाखाली खुर्चीत. अक्का झोपाळ्यांकडून लुगडं ओढत ऐटीत आल्या. “घे, समदे आले.”

मी बघितलं. शेवटच्या गाठीला पिवळ्या शर्टातला एक पोरगा होता. त्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“अक्का, हा कोण?”

“कोण म्हंजी? आपलाच की...” म्हणत त्या वळल्या आणि तशाच थांबल्या. “तू कोनाचा रे?”

“मम्मीका,” तो म्हणाला.

माझा शिवा कुठंच नव्हता. मी उठले तशी पोटात कळ आली. अक्कांनी दोन्ही खांदे दाबून मला खाली बसवलं. “खुर्ची सोडायची न्हाई. एकाला हुडकून राह्यले, तवर पोटातल्याला तू सांभाळ.” लुगड्याचं टोक माझ्या हातात दिलं, चपला तिथंच टाकल्या आणि गुडघ्यांपायी कुरकुर करणारी ती बाई धावत सुटली. मी एका हातानं पोट धरलं, दुसऱ्या हातानं लुगडं. आत काहीच हलत नव्हतं. देवाला काय मागायचं, कुणासाठी आधी मागायचं, तेही मला सुचेना.

मग घसरगुंडीच्या मागून अक्का आल्या. बरोबर बुरख्यातली एक तरुण बाई, तिच्या कडेवर शिवा, आणि शिवाचे ओठ लालभडक. ती बाईही माझ्यासारखीच रडवेली. पिवळ्या शर्टाला बघून तिनं आधी त्याला एक धपाटा दिला आणि मग उराशी धरलं. “मेरेकू लगा मेराच है, हात पकडके चल रहा था,” ती म्हणाली. भानगड अशी होती की त्या पोराकडे बर्फाचा गोळा होता आणि शिवाला तो हवा होता. त्या पोराला आमच्या लुगड्याच्या गाडीत बसायचं होतं. दोघांनी सौदा केला. माझ्या पोरानं दोन चोखण्यांसाठी आपली जागा विकली होती! आम्ही दोघी रडता रडता हसायला लागलो, आणि त्याच क्षणी पोटातल्यानं सणसणीत लाथ मारली. इतकी गोड लाथ मी त्याआधी खाल्ली नव्हती.

अक्का मात्र हसल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी लुगड्याच्या गाठी सोडल्या, खुर्ची कोपऱ्यात पालथी घातली आणि आपली पिशवी भरायला घेतली. “जाते मी. गाठी मोजत बसले, पोरं बघितलीच न्हाईत. तुला काही झालं असतं तर माझ्या भावाला कोन्त्या तोंडानं भेटले असते?”

मी कधी कुणाला उलटून बोललेली नाही. पण त्या दिवशी मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली. “अक्का, रविवारी मोसंबीच्या बागेत जायचंय. पोरांनी कपडे काढून ठेवलेत. तुम्ही गेलात तर माझी खुर्ची कोण उचलणार?”

अक्कांनी लुगडं ओढून घेतलं आणि पहिल्यापेक्षा घट्ट गाठी मारायला बसल्या. तेव्हापासून मोजायची रीत तेवढी बदलली. निघायच्या आधी प्रत्येकाच्या हनुवटीला हात लावून, तोंड वर करून बघायचं.

बाळ पावसाळ्यात झालं, मुलगी, धडधाकट. परवाच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा स्टेशनात गाड्या बघायला गेलो. अक्कांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून खुर्ची माझ्या डोक्यावर होती. ऊन लागून तिचा लाल रंग पार विटलाय. मी ती सावलीत मांडली आणि म्हटलं, “बसा.”

“मला काय दिवस गेलेत का?”

“खुर्ची सोडायची नाही,” मी म्हटलं आणि खांदे धरून त्यांना बसवलं. पहिल्यांदाच बसल्या त्या. धाकटी त्यांच्या मांडीवर झोपली. निघायची वेळ झाली तशी पोरं लुगडं धरून समोर उभी राहिली. अक्कांनी एकेकाच्या हनुवटीला हात लावला, नाव घेतलं. शेवटी मी त्यांना उठवायला वाकले, तर माझीही हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड वर केलं, नीट बघितलं, आणि म्हणाल्या, “हां, आता बराबर. समदे हायेत.”