सुनेसाठी घेतलेली चमकी

मुलगा गेल्यावर दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. एका सकाळी भाकरी खाता खाता नवरा मला म्हणाला, "पोरीचं लगीन लावून देऊ."

आमच्या घरात पोर म्हणजे सून. आम्हाला मुलगी नाही. एकच मुलगा होता, हायवेवरच्या एका गोदामात कामाला जायचा. लावणीच्या दिवसांत त्याला ताप आला. त्यानं तो अंगावर काढला, आम्हीही काढू दिला, आणि दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. तेव्हा त्याच्या लग्नाला धड दीड वर्षही झालं नव्हतं. मूलबाळ नव्हतं.

सून माहेरी गेली नाही. तिचे वडील आधीच गेलेले, आई भावाच्या संसारात. ती आमच्याजवळच खर्डीत राहिली. मला आई म्हणायची. पहाटे माझ्याआधी उठून चूल पेटवायची, शेतावर माझ्याबरोबर यायची. ती चुलीकडं तोंड करून रडायची, मी गोठ्यात जाऊन रडायचे. दोघींनाही ते ठाऊक होतं, पण कोणी कोणाला विचारत नव्हतं.

म्हणून नवऱ्याचं बोलणं ऐकून मला राग आला. "तिला बाहेर काढायला निघालात काय?"

"आमी हाव तवर ती हाय," तो म्हणाला. "मग कोण हाय तिला?"



स्थळ त्यानंच शोधलं, मुरबाडकडच्या वैशाखरे गावचं. माणूस मुरबाडच्या एका कारखान्यात जाणारा, त्याची पहिली बायको आजारात गेलेली. तो बघायला आला, चहाचा कप हातात धरून बराच वेळ खाली बघत बसला आणि जाताना सुनेला म्हणाला, "मला घाई नाय. तुमी इचार करा." त्या एका वाक्यानं तो माझ्या नवऱ्याला पसंत पडला. मला पडायला वेळ लागला.

रात्री जेवताना सुनेनं एवढंच विचारलं, "मंग मला हिकडं येऊ देतील ना?"

"कोण नाय म्हणतो?" नवरा म्हणाला आणि ताटातला भात तसाच टाकून उठला.

लग्न ठरल्यावर मला एकच चिंता लागली. तिला द्यायचं काय? घरात सोन्याचं जे काही होतं ते पहिल्या लग्नातलं. मंगळसूत्र, कानातलं, सगळं मुलाच्या नावानं केलेलं. जावेनं सुचवलं, आटवून नवं कर. मी पेटी उघडली, मंगळसूत्र हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. ते आटवायला माझा हात धजला नाही, आणि तिनंही ते मागितलं नाही.

मग मनात चमकी आली. मुलगा गेला त्या दिवशी बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या आणि नाकातली चमकी काढली. काचेच्या खड्याची साधी चमकी, त्या गर्दीत अंगणात कुठे पडली कुणास ठाऊक. तेव्हापासून तिचं नाक मोकळंच होतं. मी ठरवलं, या वेळी खऱ्या हिऱ्याची घ्यायची. नवऱ्याला सांगितलं तर तो नुसता "घे" म्हणाला.

आमच्या नेहमीच्या सोनाराकडं गेलो नाही. पहिल्या लग्नाचे दागिने त्यानंच केलेले, तो चार गोष्टी विचारणार. एसटीनं शहापूरला उतरलो आणि बाजारपेठेत जिथं आम्हाला कोणी ओळखत नव्हतं अशा दुकानात शिरलो. काचेचा दरवाजा, आत गार हवा. सून चपला बाहेर काढायला लागली तेव्हा मालक हसून म्हणाला, "असू द्या, असू द्या. काय दाखवू?"

"चमकी. हिऱ्याची."

"मुलीचं लग्न काय?"

"हो," मी म्हटलं, "मुलीचं."

सुनेचा हात काचेवर होता. तो तिनं ओढणीखाली घेतला.

मालक पन्नाशीचा असेल. बोलायला शांत. त्यानं कागदाच्या घड्या उलगडल्या, आत तांदळाच्या कणीपेक्षा जरासे मोठे खडे. मला सगळे सारखेच दिसले आणि मी तसं म्हटलंही.

"सारखेच दिसणार," तो म्हणाला. "फरक आत असतो. हिरा जमिनीत तयार होतो, तेव्हा त्यात बारीकसारीक काहीतरी अडकून राहतं. कुठं काळा ठिपका, कुठं पांढरी रेघ, कुठं ढगासारखं. ते किती आहे आणि कुठं आहे, त्यावरून त्याची क्लॅरिटी ठरते."

त्यानं भिंग दिलं. मी कधी भिंगातून बघितलेलं नव्हतं. आधी नुसता उजेडच दिसला. मग त्यानं हात धरून भिंग डोळ्याशी टेकवायला लावलं आणि चिमटा जवळ आणला. खड्याच्या पोटात, कडेजवळ, खरंच एक काळा ठिपका होता, तिळाएवढा वाटला. भिंग काढलं तर काहीच नाही.

"असला नको," मी लगेच म्हटलं. "आत काय नसलेला द्या."

"मिळतो. पण आई, नाकातल्या एवढ्याशा खड्याला तो कशाला? माणूस हातभर अंतरावरून बघतो. साध्या डोळ्याला काही दिसत नाही ना, मग झालं." त्यानं दुसरा खडा पुढं केला. "हा मात्र मी तुम्हाला देणार नाही. बघा."

या वेळी सुनेनं भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिली.

"ह्यात चीर हाय," ती म्हणाली.

"बरोबर. ती कडेपर्यंत आलेली आहे. कोंदणात दाबून बसवताना किंवा पुढंमागं ठोकर लागली तर तिथून टवका उडतो. ठिपका परवडला, कडेची चीर नको. आणि हा तिसरा बघा, ह्यात ढग आहे. त्यानं सगळी चमकच मरते."

मग तो आम्हाला दरवाजाजवळ घेऊन आला. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच चमकतं, म्हणाला, हिरा बाहेरच्या उजेडात बघायचा. रस्त्यावरून टेम्पो जात होते, भाजीवाल्या ओरडत होत्या, आणि आम्ही दोघी सासू-सुना उंबऱ्यात उभ्या राहून त्याच्या तळहातावरचे कण बघत होतो. काळ्या ठिपक्याचा खडा खरंच चांगला लखलखत होता. ढगवाला शेजारी मेल्यासारखा पडला होता.

तरी माझं मन घेत नव्हतं. आमच्या घरातून ती जे घेऊन जाईल त्यात खोट नको, एवढंच डोक्यात बसलेलं. मी पुन्हा भिंग मागितलं. पुन्हा तोच ठिपका.

"आई, ठेवा ते भिंग," सून हळूच म्हणाली. "तिकडं मला भिंग लावून कोण बघणार हाय?"

मी तिच्याकडं बघितलं. तिला जे म्हणायचं होतं ते मला कळलं आणि तिलाही कळलं की मला कळलंय. बघणारच होते. दुसरेपणाची, नवरा गेलेली, आधीच्या सासरहून आलेली. सगळं गाव बघणार होतं. मी भिंग खाली ठेवलं.

"हाच द्या," मी म्हटलं. ठिपका कडेला होता, तो कोंदणाखाली झाकला जाईल असं मालकानं सांगितलं आणि खड्याचं सर्टिफिकेट पिशवीत घातलं.

मग नाकाचं निघालं. भोक बुजत आलं होतं. कारागीर आतून आला, तिला स्टुलावर बसवलं. "परत टोचावं लागंल, ताई. चमकी घडंपर्यंत नाकात तार राहू दे." तिनं माझा हात धरला. तार आत गेली तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही, पण डोळ्याला पाणी आलं. नाक टोचलं की येतंच. मात्र ते थांबेना. ती तोंड न हलवता रडत राहिली आणि मग मलाही आवरेना.

मालकानं पाण्याचे ग्लास आणून ठेवले. "रडा, रडा," तो मायेनं म्हणाला. "लेक सासरी जायची म्हणजे आईला रडू येणारच."

आम्ही पाणी प्यालो आणि निघालो. एसटीत ती खिडकीशी बसली, नाकातली तार बोटानं चाचपत. 

लग्न मुरबाडला एका देवळात लागलं, पंधरावीस माणसांत. सकाळी तार काढून चमकी मीच घातली. कन्यादान नवऱ्यानं केलं.  नंतर वैशाखऱ्याला घरी गेल्यावर बायकांनी तिला मधे बसवलं. एका म्हातारीनं तिची हनुवटी धरून तोंड दाराकडं वळवलं. "हिरा खरा हाय काय गो?" सुनेनं मान हलवली. "बराय," म्हातारी म्हणाली आणि हनुवटी सोडली. तेवढ्यावर तो विषय संपला.

आम्ही निघालो तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली नाही. दारात उभी राहिली. मीही मागं बघितलं नाही.

सुरुवातीला तिचा फोन रोज यायचा. मग आठवड्यानं, मग सणाला. खर्डीला ती एकदा येऊन गेली, नवऱ्याबरोबर, सकाळी येऊन संध्याकाळी परत. त्यानंतर दिवस गेल्याचं कळलं, मुलगी झाल्याचं कळलं. बारशाला बोलावणं आलं नाही. मी वाट बघितली नव्हती असं म्हणणार नाही. पण कोणत्या नात्यानं बोलावणार होते?

परवा नात्यातल्या एका कामासाठी मुरबाडला गेले होते. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर थांबले तर ती समोर. कडेवर पोरगी, बरोबर दोन बायका. मला बघून तिचं तोंड एकदम फुललं आणि तसंच थांबलं.

"ह्या कोण गो?" बरोबरच्या बाईनं विचारलं.

तिनं तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं, बाईकडं बघितलं.

"खर्डीची हाय मी," मीच म्हटलं. "हिच्या माहेरची."

"हां हां," बाई म्हणाली.

सुनेनं पोरगी माझ्या हातात दिली. पोरगीनं मला क्षणभर निरखलं आणि भोकाड पसरलं. ओळखत नाही ना. मी परत दिली. तेवढ्यात माझी गाडी लागली. "आई, जपून जा," ती म्हणाली, त्या बायकांसमोर, मोठ्यानं. मी चढले. गर्दीत खिडकी मिळाली नाही.

घरी पोचले तेव्हा नवरा ओट्यावर बसला होता. मी पाय धुतले, चहा टाकला, मग त्याला सांगितलं.

"बरी हाय काय?"

"बरी हाय. अंगानं भरलीय."

तो चहा फुंकत राहिला. कप रिकामा झाल्यावर खाली ठेवला.

"पोरगी कोणावर गेलीय?"

"तिच्यावर," मी म्हटलं.