चटईत गुंडाळलेलं बाड

चि. वैदेही आणि राघव,

हे मी परवापर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर अर्ध्या तासात उरकलं असतं. माझं इंग्रजी नीटनेटकं आहे, त्यात कशाचीही घडी घालून ठेवता येते. म्हणूनच मराठीत लिहिते आहे. अडलं तर मोठ्यानं वाचा, कळेल.

गेल्या महिन्यात राघव तो सुपरहिरोचा गेम खेळत होता आणि मी इथे कुंभकोणमला कॉफी घेऊन कॉलवर बघत बसले होते, आठवतं? सुरुवातीला एक म्हातारा गुरू होता. त्यानं नायकाचा मोडलेला हात बांधला, त्याला उडायला शिकवलं. दोघं एका ताटात जेवायचे. मग मधेच तो गुरू लोखंडी मुखवटा घालून आला, हसला आणि म्हणाला, शहर बुडवीन. का? ते कोणी सांगितलं नाही. तीनदा तीच मारामारी झाली, फक्त दर वेळी तो आधीपेक्षा मोठा होऊन आला.

"आज्जी, हे दोघं एकत्र जेवायचे गं," वैदेही म्हणाली, "आणि त्याचं पुढे काहीच नाही. सगळी गोष्ट तिथेच तर होती."

"फाइट बघ की," राघव म्हणाला. "फाइट भारी आहे."

"कोणाशी फाइट? फुग्याशी?"

मी हसले. आणि मला पटलंही — समोरचा पोकळ असला की त्याला हरवणाराही पोकळच दिसतो. मग तुम्ही सांगितलंत की तुम्ही दोघं स्वतःचा गेम करता आहात. वैदेहीनं चित्र दाखवलं. केसांच्या ज्वाळा, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, काखेत पेटलेली पुस्तकं. नाव — भोगीण. "ही आपली गोमतीआज्जी," तू म्हणालीस. "पण ज्यांनी ज्यांनी खेळून बघितलं ते म्हणतात, ही बोअर आहे. हिला कारणच नाही. आज्जी, ते बाड जाळून तिला काय हवं होतं?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि कॉल बंद केला. आवाज तुटत नव्हता.

गोमतीआज्जीची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? मीच. दर सुट्टीत, जेवताना, तुम्ही आणखी दोन घास खावेत म्हणून. आपल्या घरात शंभर वर्षांचं पदांचं बाड होतं, माझ्या थोरल्या जाऊबाईंना दुसऱ्याचं चांगलं बघवत नसे, एका भोगीला त्यांनी ते आगीत टाकलं आणि हसल्या. आणि तुमच्या आज्जीनं जाळात हात घातला! मी मनगटावरचा डाग दाखवायची. तुम्ही त्यावर बोट फिरवायचात.

तो डाग अप्पळम-पापड तळताना उडालेल्या तेलाचा आहे.

आता खरं. मी मद्रासला वाढले, कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लग्न होऊन या घरी आले तेव्हा इथलं, तमिळ मुलखात मुरलेलं मराठी मला ऐकून कळायचं, वाचायला देवनागरीही जेमतेम. ते बाड तर मोडीत होतं. सासूबाईंच्या आजीनं लिहिलेली पदं, दुसरीकडे कुठेही नसलेली. सासूबाईंची नजर गेली होती. घरात मोडी वाचता यायची ती एकट्या अक्कांना — गोमतीअक्कांना. एकादशीला गोविंदपुरमला विठ्ठलासमोर त्या मांडीवर बाड उघडून गायच्या आणि सासूबाई शेजारी डोळे मिटून बसायच्या. मी मागे. टाळ सांभाळायला.

एकदा मी बाड उघडून बसले होते. सासूबाईंनी पानांचा आवाज ओळखला. म्हणाल्या, "कोण, धाकटी? उलटं धरलं असशील. इंग्रजीबाई ती." सगळे हसले. अक्काही हसल्या, वाईट हेतू नव्हता. आणि खरंच — मी ते उलटं धरलं होतं.

एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी कितीदा शोधलं. सापडलं नाही.

भोगीला इथे घरातलं जुनं, फाटकं पहाटे अंगणात जाळतात, ते तुम्ही पाहिलं आहे. जाळ करायचा मान थोरल्या सुनेचा. काय जाळायचं ते आदल्या दिवशी काढून ठेवायचं काम माझं, कारण मी व्यवस्थित. जुने झाडू, फुटकी सुपं, दोन चटया. एका चटईला हिरवा काठ होता. त्या चटईत मी बाड ठेवलं, चटई घट्ट गुंडाळली, काथ्यानं दोन ठिकाणी बांधली. चुकून? नाही. गाठी मी दोनदा ओढून बघितल्या.

पहाटे अक्कांनी स्वतःच्या हातानं ती चटई जाळात सरकवली. काथ्या जळाला, चटई उलगडली, आणि पानं दिसली. त्यांनी काठीनं ओढायचा प्रयत्न केला. जाळात हात घातला तो त्यांनी. मी दारात उभी होते. हातात पाण्याची बादली होती — अंगण धुवायला आणलेली. मी ती खाली ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "चटई झटकून बघायची नाही का, गोमती?" एवढंच. अक्का म्हणाल्या, "माझं चुकलं." त्यांना तसंच वाटलं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी पोंगलला बोलता आलं असतं. त्यानंतर किती वर्षं झाली?

त्या एकादशीपासून अक्का गायल्या नाहीत. बाडाशिवाय कशा गातील, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. आणि पुढे त्या मुलाकडे तिरुनागेश्वरमला राहायला गेल्यावर मी त्यांच्या चुकीचा दुष्टपणा केला. तुमच्यासाठी. गोष्ट रंगावी म्हणून? की अक्कांची नुसती चूक आहे असं म्हटलं तर कोणीतरी विचारेल, चटई बांधली कोणी? दुष्ट माणसाबद्दल कोणी काही विचारत नाही. वैदेही, तू विचारलंस.

परवा शुक्रवारी मी तिरुनागेश्वरमला गेले. अक्का ओसरीवर विड्याची पानं पुसत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. त्यांनी पान पुसणं थांबवलं नाही.

"कुठली चटई?" त्यांनी विचारलं.

"हिरव्या काठाची."

"दोन गाठी होत्या," त्या म्हणाल्या. "मज वाटलं, धाकटी किती नीट बांधते."

सून कॉफी ठेवून गेली, ती निवली. शेवटी अक्का म्हणाल्या, "त्यातली चाळीसेक पदं मज पाठ होती. बाडाची गरजच नव्हती. कोणी गा म्हटलं असतं तर गायले असते. तू लिहून घेतली असतीस, तुझं अक्षर चांगलं."

मी म्हटलं, "आता सांगा. मी वही आणते."

"आता कुठली," त्या म्हणाल्या, आणि पुढचं पान घेतलं. त्यांच्या उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग आहे. मी तो आजवर नीट बघितला नव्हता.

तर वैदेही, तुझ्या भोगिणीला काय हवं होतं, ते हे. तिला बाड वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांच्या मांडीवरून ते जावं असं तिला वाटलं. ती हसली नाही. तिनं बादली खाली ठेवली. तिच्या नाकात चमक्या नाहीत; तिला चष्मा आहे, आणि ती गाठी चांगल्या मारते.

तुमची,
आज्जी